'टॉरीन' की 'टॉराइन'? : एका पारिभाषिक शब्दाची व्युत्पत्ती व अर्थ

प्रस्तावना :
दोंडाईच्यासारख्या कृषिप्रधान परिसरातील महाविद्यालयांत एकच इंग्रजी शब्द रसायनशास्त्रात संयुगाचे नाव म्हणून, तर प्राणिशास्त्रात गोवंशाचे विशेषण म्हणून येतो. ऊर्जापेयाच्या डब्यावर तोच शब्द वाचून 'हा पदार्थ बैलापासून काढतात' असा समज विद्यार्थ्यांत पसरतो. शाकाहारी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शब्दाचा राहत नाही. म्हणून या शब्दाचा उगम व त्याचे अर्थ प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहेत.

व्युत्पत्ती :
दोन्ही अर्थांचे मूळ लॅटिन 'टॉरस' म्हणजे बैल या शब्दात आहे. ग्रीक 'टाउरोस' हे त्याचेच सजातीय रूप होय. हे ग्रीक रूप आपल्याकडे फार पूर्वी पोहोचले होते. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहज्जातक' ग्रंथात वृषभ राशीसाठी 'तावुरि' हे नाव नोंदविले आहे.

रसायनशास्त्रीय अर्थ :
टीडमान व ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८२७ मध्ये बैलाच्या पित्तरसातून हे संयुग वेगळे केले; त्यावरून त्यास बैलवाचक नाव मिळाले. यात गंधक असते. मात्र प्रथिनांच्या साखळीत ते गुंफले जात नाही. मानवी शरीरही ते तयार करते व पित्ताम्लांशी त्याचा संयोग होतो. ऊर्जापेयांतील टॉरीन सामान्यतः कारखान्यात रासायनिक संश्लेषणाने बनविलेले असते.

प्राणिशास्त्रीय अर्थ :
लिनियसने १७५८ मध्ये वशिंड नसलेल्या गुरांस 'बॉस टॉरस' व वशिंड असलेल्या गुरांस 'बॉस इंडिकस' अशी नावे दिली. जर्सी व होल्स्टीन या जाती पहिल्या गटातील होत. खानदेशातील तापी खिल्लार दुसऱ्या गटात मोडते. म्हणजेच पोळ्याला आपण ज्या खिल्लारी बैलाची पूजा करतो, तो बैल असूनही शास्त्रीय अर्थाने 'टॉराइन' नव्हे. संकरित गाईंत मात्र दोन्ही वंश एकत्र येतात.

समारोप :
पदार्थाचे नाव त्याच्या शोधाचा इतिहास सांगते. आजचा उत्पादनस्रोत सांगेलच असे नाही. इंग्रजीत दोन्ही शब्दांची अक्षरे सारखीच असली, तरी संयुगाचा उच्चार 'टॉरीन' व विशेषणाचा बहुधा 'टॉराइन' होतो. रोमन लिपीत न दिसणारा हा भेद देवनागरीत सहज दाखविता येतो. मराठी अध्यापनात व पाठ्यसाहित्यात तो कटाक्षाने पाळल्यास संभ्रम बऱ्याच अंशी टळेल.