डॉक्टर आहेत, औषध आहे. मग अडते कुठे?

भाताची लावणी सुरू झाली की कर्जत-खालापूरच्या वाड्यापाड्यांवर सर्पदंशाची भीती वाढते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे इंजेक्शन आपल्याकडे आहे. ते कसे द्यायचे, हे डॉक्टरांना माहीत असते. तरीही रुग्ण दगावतो. असे का व्हावे?

विष भिनल्याची लक्षणे दिसू लागली की सुरुवातीलाच साधारण ८ ते १० कुप्या द्याव्या लागतात. कपाटात चारच शिल्लक असतील तर काय करायचे? साठा शेवटचा कधी मोजला? मागणी वेळेवर गेली का? रात्रपाळीला कपाटाची किल्ली कोणाकडे असते? पुढे पाठवायचे ठरले तर तेथे आधी फोन कोण करणार? हे प्रश्न वैद्यकशास्त्राचे नाहीत, ते व्यवस्थापनाचे आहेत. मात्र त्यांची उत्तरे चुकली तर किंमत रुग्णाला मोजावी लागते.

रुग्णालयाच्या कारभाराचा असा अभ्यास जगभर होत आहे. निकोलस ब्लूम, रेनाटा लेमोस, राफाएला सादुन आणि जॉन व्हॅन रीनन या अर्थशास्त्रज्ञांनी भारतासह नऊ देशांतील रुग्णालयांची पाहणी केली. त्यांचा निबंध २०२० साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयांतील जबाबदार व्यक्तींच्या मुलाखती घेऊन कारभाराला १ ते ५ असे गुण देण्यात आले. वैद्यक आणि व्यवस्थापन हे दोन्ही विषय शिकवणाऱ्या विद्यापीठांच्या जवळ असलेल्या रुग्णालयांचा कारभार अधिक चांगला आढळला. तेथे व्यवस्थापन शिकलेली माणसे जास्त होती आणि हृदयविकाराच्या झटक्याने दगावणाऱ्यांचे प्रमाण कमी होते. दोहोंपैकी एकच विषय शिकवणाऱ्या विद्यापीठांच्या बाबतीत असे चित्र दिसले नाही. केवळ जवळ असल्यामुळेच हे घडले, असे यातून सिद्ध होत नाही. पण दोन्ही विद्या एकत्र आल्या तर रुग्णाचे भले होते, असा त्याचा रोख आहे.

आपल्या देशातील उदाहरण मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अवघ्या ११ खाटांवर ते सुरू केले. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असतानाच शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार ठेवायचा, ही तेथील पद्धत. खेड्यातील मुलींना शिकवून त्यांच्याकडे तयारीची कामे दिली, त्यामुळे डॉक्टरांचा वेळ वाचला. बचतीतून गरिबांवर मोफत उपचार झाले. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेत हे उदाहरण आज अभ्यासले जाते.

आपल्याकडे काय स्थिती आहे? डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने रुग्ण तपासायचे, शिवाय साठा, नोंदवह्या, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, वाहन आणि अहवालही सांभाळायचे. कॉलेजात मात्र त्याचा बहुतेक वेळ रोग आणि उपचार शिकण्यातच गेलेला असतो. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि पुण्याच्या सिम्बायोसिसमध्ये रुग्णालय प्रशासन शिकवले जाते. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांच्या मधोमध आपले तालुके आहेत. येथील डॉक्टर, परिचारिका आणि औषध निर्माते यांना अशा विषयांचे छोटे प्रशिक्षण मिळाले, तर पैसा फारसा न वाढवताही बरेच साधेल.

वाचकांच्या हातीही काही आहे. २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातून सरकारी दवाखान्यांसाठी रुग्ण कल्याण समित्या आल्या. नेरळचे आरोग्य केंद्र असो, कशेळे वा चौकचे ग्रामीण रुग्णालय असो, की कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, तेथे पुढील चौकशी सौजन्याने करावी :

१. समितीची मागील बैठक कधी झाली आणि निधी कशावर खर्च झाला?

२. पावसाळ्यापूर्वी सर्पदंशाच्या इंजेक्शनचा पुरेसा साठा आला आहे का?

३. रात्री डॉक्टर कोण आणि किल्ली कोणाकडे, हे फलकावर लिहिले आहे का?

सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये, भगताकडे वेळ दवडू नये. रुग्णाला चालवू नये. चावलेला हात-पाय हलू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि थेट दवाखाना गाठावा. तिथे कपाटात कुप्या मिळतील, एवढी काळजी लावणीआधीच घ्यायला हवी.