घरचं वातावरण आणि स्थूलतेचे उपचार

• बीएमआय : किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. स्थूलतेची सुरुवात जागतिक निकषानुसार ३०, भारतीयांसाठी २५.

• कंबर : धोक्याची रेषा पुरुषांना ९० सेंमी, स्त्रियांना ८० सेंमी.

• देशातलं प्रमाण (२०१९-२१) : बीएमआय २५ किंवा अधिक असलेल्या स्त्रिया २४ टक्के, पुरुष सुमारे २३ टक्के.

• व्यक्त भावना : रुग्णाविषयी घरचे काय बोलतात, कोणत्या सुरात बोलतात, याचं मोजमाप. सुरुवात लंडनमध्ये, जॉर्ज ब्राऊन यांच्या स्किझोफ्रेनियावरील अभ्यासातून. पुढे स्थूलतेच्या संशोधनातही वापर.

• पाच घटक : टीका, वैरभाव, भावनिक अतिगुंतवणूक, जिव्हाळा, कौतुक.

• फरक : ‘किती खातेस!’ ही टीका. ‘नको’ म्हणत असताना ताटात आणखी एक भाकरी वाढणं हा आग्रह. जेवणानंतर ‘चल, फिरून येऊ’ ही साथ.

• वजनावरून चिडवणं : भावनेच्या भरात खाणं आणि पुढे वजनवाढ, दोन्हींशी संबंध.

• मुलांवरील उपचार : पालक आणि मूल एकत्र. अमेरिकेतील लेनर्ड एप्स्टीन यांच्या अभ्यासाचे दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध.

• उपचारांसाठी, अहिल्यानगर जिल्ह्यात : लोणी (ता. राहाता) इथलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, स्थापना १९८४. मेडिसिन, बालरोग आणि मानसोपचार हे विभाग एकाच आवारात.