चौखूर घोडा पकडा... कॅमेऱ्यात!

दोस्तांनो, एक कागद घ्या आणि भरधाव धावणाऱ्या घोड्याचं चित्र काढा बघू! पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे ताणलेले, असंच काढलंत ना? माझ्या वर्गातली बहुतेक मुलं असंच काढतात. पण त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही बरं का! थिओडोर जेरिको या नामवंत फ्रेंच चित्रकारानेसुद्धा १८२१ साली इंग्लंडमधल्या एप्समच्या शर्यतीचं चित्र काढताना घोडे असेच हवेत ताणलेले दाखवले. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ते चित्र आहे.

मग खरा घोडा धावतो तरी कसा? डोळ्यांनी ते कळेना, म्हणून कॅमेऱ्याला विचारायचं ठरलं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लेलँड स्टॅनफर्ड नावाचे धनिक होते. त्यांच्या पालो आल्टोच्या घोड्यांच्या फार्मवर १८७८ साली एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेने ओळीने १२ कॅमेरे मांडले. प्रत्येक कॅमेऱ्याला बांधलेला दोरा धावपट्टीवर आडवा ताणला. घोडा दौडत आला, दोरे तुटत गेले आणि एकामागून एक कॅमेरे उघडले. म्हणजे घोड्याने आपले फोटो आपणच काढले म्हणा ना!

फोटोत काय दिसलं? चौखूर धावताना घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीवरून उचललेले असतात, हे खरंच निघालं. पण त्या वेळी ते ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात!

मायब्रिज घोड्याच्या मागे धावले नाहीत. घोडा कुठे येणार हे त्यांनी आधी ठरवलं आणि तिथे ते तयार राहिले. वेगवान घोड्याच्या फोटोचं सगळं मर्म यातच आहे.

तीन पिंपं, सतरा सेकंद

हे शिकायला अमेरिकेतला एक खेळ फार छान आहे. त्याचं नाव बॅरल रेसिंग, म्हणजेच पिंपांची शर्यत. मैदानात तीन मोठी रिकामी पिंपं त्रिकोणात उभी करतात. पहिल्या दोन पिंपांत ९० फूट अंतर. त्या दोघांपासून तिसरं १०५ फुटांवर. स्वार घोडा सोडते, प्रत्येक पिंपाला गोल वळसा घालते आणि तिसऱ्या वळशानंतर सुसाट परत येते. पिंपाला नुसता धक्का लागला तर चालतं, पण पिंप आडवं झालं की वेळेत ५ सेकंद वाढतात! एवढ्या मोठ्या मैदानावर चांगल्या जोडीला सगळं मिळून साधारण १७ सेकंद लागतात. हारजीत ठरते सेकंदाच्या शंभराव्या भागावर.

मी 'स्वार सोडते' असं लिहिलं ते मुद्दामच. हा खेळ वाढवला तो मुलींनी. १९४८ साली टेक्सासमधल्या सॅन अँजेलो इथे ३८ जणींनी एकत्र येऊन स्वतःची संघटना काढली आणि आपल्या शर्यती आपणच भरवायला सुरुवात केली. आज ही शर्यत तिकडच्या मोठमोठ्या सामन्यांत असते.

थोडं गणित करू या

फोटोत घोडा का 'हलतो'? समजा, घोडा ताशी ४५ किलोमीटर वेगाने धावतोय. म्हणजे एका सेकंदात साडेबारा मीटर. कॅमेऱ्याचं झाकण, म्हणजे शटर, सेकंदाचा ५०वा भाग उघडं राहिलं, तर तेवढ्यात घोडा २५ सेंटीमीटर पुढे जातो. फोटोत नुसता पट्टा उमटणार! तेच शटर सेकंदाचा १०००वा भागच उघडं राहिलं, तर घोडा सरकतो जेमतेम सव्वा सेंटीमीटर. मग आयाळ, उडणारी माती, स्वाराचा चेहरा, सगळं लख्ख येतं. मात्र इतक्या थोड्या वेळात उजेडही थोडाच आत येतो. म्हणून असे फोटो भर उन्हात सोपे जातात, छपराखालच्या मैदानात अवघड.

आता दुसरं गणित. 'आत्ता!' असं मनात आल्यापासून बोट बटण दाबेपर्यंत सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. तेवढ्यात आपला घोडा अडीच मीटर पुढे! म्हणजे छान क्षण दिसल्यावर बटण दाबलंत, तर तो क्षण गेलेलाच असतो. क्षण यायच्या जरा आधी बोट हललं पाहिजे. आणि आधी कळायचं असेल, तर खेळ माहीत हवा!

म्हणून तिकडचे छायाचित्रकार एक पिंप निवडतात, त्यावर आधीच फोकस लावतात आणि वाट पाहतात. वळताना घोड्याचा वेग कमी होतो, अंग आत झुकतं, मागचे पाय पोटाखाली येतात. स्वाराची नजर मात्र तेव्हाच पुढच्या पिंपाकडे वळलेली असते. फोटो घ्यावा तो इथेच.

प्रत्येक खेळाची अशी एक जागा असते. अडथळ्यांवरून उड्या मारायच्या शर्यतीत ती उडीच्या अगदी वर. वर फेकलेला चेंडू परत फिरण्याआधी क्षणभर थांबल्यासारखा वाटतो ना, तसंच. टेंट पेगिंगमध्ये स्वार भरधाव येऊन जमिनीतली लाकडी खुंटी भाल्याने उचलतो. तिथे नजर ठेवायची ती खुंटीवर. आणि आपल्या वारीतलं रिंगण? अश्व गोल फेरीच मारणार आहे. मग त्याच्यामागे कॅमेरा फिरवण्यापेक्षा आपल्या समोरचा वळणाचा भाग निवडून तयार राहायचं.

आधी घोडा, मग फोटो

हे मात्र पाठच करून टाका. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं आणि अचानक काही हललं, चमकलं की तो बुजतो. बुजलेल्या घोड्यावरून स्वार पडू शकतो, समोरचा माणूस तुडवला जाऊ शकतो. म्हणून फ्लॅश कधीच नाही! कठड्याच्या आत हात, मान किंवा फोन घालायचा नाही. घोडे ज्या दारातून बाहेर येतात तिथे उभं राहायचं नाही आणि घोड्याच्या मागे तर मुळीच नाही. कितीही सुंदर फोटो असला, तरी त्यासाठी कुणाचं हाड मोडता कामा नये.

आईबाबांनो, हे शिकायला महागडा कॅमेरा घेऊन द्यायची मुळीच घाई करू नका. घरातला मोबाइल सुरुवातीला पुरतो. फक्त मुलांबरोबर मैदानावर या आणि उभं राहायची जागा तुम्ही ठरवा.

करून पाहा

घोडा नाही? सायकल तर आहे! शाळेच्या मैदानावर तीन बादल्या ठेवा. पहिल्या दोन ९ पावलांवर, तिसरी त्या दोघींपासून साडेदहा पावलांवर. मित्र किंवा मैत्रीण सायकलवर तिन्ही बादल्यांना वळसा घालेल. तुम्ही बाजूला, अंतर राखून बसा. एकच बादली निवडा. फोनच्या पडद्यावर त्या बादलीवर बोट ठेवून फोकस पक्का करा आणि सायकल तिथे पोचायच्या किंचित आधी बटण दाबा.

पहिल्या दिवशी नुसतं मागचं चाक येईल. कधी रिकामी बादलीच येईल! हसा आणि पुन्हा काढा. मग उलटाही प्रयोग करा. संध्याकाळच्या कमी उजेडात सायकलबरोबर फोन एका लयीत फिरवत फोटो काढा. जमलं तर सायकल स्पष्ट आणि मागची झाडं पुसट येतील. तोही वेग दाखवायचा एक झकास मार्ग आहे.

वीस फोटोंतला एक जरी चांगला आला, तरी तो वहीत चिकटवा आणि खाली लिहा: बोट कधी दाबलं, आधी की नंतर? आठवडाभर ही नोंद ठेवलीत, की 'आधी' म्हणजे किती आधी, हे तुमचं बोटच तुम्हाला सांगू लागेल!