तीस नॅनोमीटरांचा परवाना

कर्करोगाच्या गाठीत औषध पोचवणे म्हणजे शिरेत सुई टोचणे, असा आपला भाबडा समज असतो. परंतु रक्तात सोडलेला औषधवाहक कण सुमारे ५.५ नॅनोमीटरांहून लहान असला तर मूत्रपिंडे त्याची तत्काळ हकालपट्टी करतात, आणि फार मोठा असला तर यकृत-प्लीहेच्या चौक्यांवर तो अडकून पडतो.

गाठीतील घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्याने मोठे रेणू तेथे पाझरून साचतात, हे जपानच्या मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ साली दाखवले. या पाझरण्यावर पुढे पुष्कळ भिस्त ठेवली गेली. माझ्या मते जरा अवास्तवच.

२०११ मध्ये तोक्योच्या काताओका यांच्या गटाने प्लॅटिनमयुक्त औषधाने भरलेले ३०, ५०, ७० व १०० नॅनोमीटर व्यासाचे कण उंदरांत सोडले (केसाची जाडी यांच्या शेकडो पट!), तेव्हा आतड्याच्या कर्करोगाच्या विरळ गाठीत चारही प्रकार सुखेनैव शिरले, स्वादुपिंडाच्या गाठीत मात्र, जिथे वाहिन्यांभोवती तंतुमय ऊतींचा तट उभा असतो, मोठ्यांना उंबरठ्यावरच मज्जाव झाला आणि केवळ ३० नॅनोमीटरवाले गुण येण्याइतके खोलवर दाखल झाले. वाहिन्यांची पारगम्यता वाढवणारे दुसरे औषध जोडीला दिल्यावर मोठ्या कणांचाही तेथे शिरकाव वाढला.