दुपारची सावली आपल्या अंगणात

उन्हाळा तोंडावर आलाय. पापड, शेवया, कुरडया, सांडगे, वर्षभराच्या मसाल्याची मिरची, डाळी करणं, धान्य निवडणं ही सगळी कामं आता अंगणात येणार. बचत गटाची बैठकही दुपारीच, कारण तेवढाच वेळ आपल्याला मिळतो. म्हणून आज आम्ही बोलणार आहोत अंगणातल्या सावलीबद्दल. ती कुठे करायची, कशाची करायची आणि कुणासाठी करायची, याबद्दल.

आधी एक गोष्ट विचारतो. तुमच्या गावात दुपारी बसायला सावलीची जागा कुठे आहे? उत्तर येईल पारावर, देवळात, चावडीपुढे. तिथे बसतं कोण? पुरुषमाणसं. आपण तिथे पदर बाजूला ठेवून निवांत टेकू शकत नाही, लेकराला पाजू शकत नाही, मिरचीचं पोतं पसरू शकत नाही. मग आपण पत्र्याच्या घरात काम करतो, नाहीतर उन्हात.

आमच्या लातूर-धाराशिवकडे पूर्वी माळवदाची घरं होती. जाड दगडी भिंती आणि वर मातीचा जाड थर. आत दुपारीही गार वाटायचं. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्याच दगडमातीखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर लोकांनी डोक्यावर जड छप्पर घ्यायची धास्ती घेतली, आणि गावोगाव पत्रा आला. पत्रा हलका, ते बरोबरच आहे. पण तो झटकन तापतो आणि ती धग सरळ खाली आपल्या डोक्यावर टाकतो. म्हणजे जीव वाचवायला आपण गारवा सोडला. तो आता अंगणात परत आणायचा आहे.

त्यासाठी आधी ऊन ओळखायला हवं. एप्रिल-मे महिन्यात बाराच्या सुमाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. आपल्या भागात मेच्या मध्यावर तर उभ्या काठीची सावली काठीच्या बुडातच पडते. तेव्हा वरचं छप्पर कामाला येतं. पण खरा ताप तीननंतर. हवा तापलेली असते आणि ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं. नऊ फूट उंच मांडव घातला, तर तीनच्या सुमाराला त्याची सावली सातएक फूट पूर्वेला सरकते आणि चारच्या सुमाराला दहा-अकरा फूट. म्हणजे मांडव एकीकडे आणि सावली दुसरीकडे! पुष्कळ घरी मांडव असूनही दुपारी उठून जागा बदलावी लागते, ती यामुळेच.

म्हणून खड्डे खणायच्या आधी एक दिवस नुसतं बघा. अंगणात काठी रोवा. दहा, बारा, दोन आणि चार वाजता सावलीच्या टोकाला दगड ठेवा. घराची सावली कुठवर येते तिथेही एक दगड ठेवा. एवढ्यावरून जागा कळते.

घराच्या पूर्वेला अंगण असेल तर तुमचं काम सोपं. दुपारनंतर घराचीच सावली पुढे येते. मांडव भिंतीपासून हातभर सोडून घाला, म्हणजे भिंतीची धग मध्ये साचत नाही आणि वारा फिरतो. अंगण पश्चिमेला असेल तर नुसतं छप्पर पुरत नाही. पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचा कुड किंवा बांबूचा तट्टा बांधा. तो जमिनीपर्यंत आणू नका, खाली दीड-दोन फूट मोकळं ठेवा. उन्हाळ्यात वारा बहुतेक त्याच अंगाने येतो, तो अडवायचा नाही. ऊन अडवायचं आणि वारा येऊ द्यायचा, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

उंची आठ-नऊ फूट ठेवा. बुटक्या मांडवाखाली गरम हवा डोक्याशीच राहते. बारा-पंधरा जणींना मांडी घालून बसायला बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद जागा पुरते. मधोमध परात आणि पोळपाट ठेवायलाही जागा उरते.

वर घालायला काय? तुराट्या, उसाचं पाचट, ज्वारीचा कडबा, जे शेतात असेल ते. जाड थर घाला. पत्रा असेलच तर त्याच्या खाली वीतभर अंतर सोडून तुराट्यांचा थर बांधा. मधल्या हवेमुळे धग थेट खाली येत नाही. पत्र्याच्या वरून पांढरा चुना मारला तर बरंच ऊन माघारी फिरतं. शेतातली हिरवी जाळी वापरायची असेल तर ती अर्धं ऊन अडवणारी की पाऊण, हे दुकानात विचारून घ्या. बसायच्या जागेला पाऊण ऊन अडवणारी घ्या आणि उंच ताणून बांधा.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. पहिली आग. पाचट-कडब्याच्या मांडवाखाली किंवा जवळ चूल पेटवायची नाही, बिडी ओढू द्यायची नाही. पापडाचा खार उकळायचा तर चूल लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. दुसरी गोष्ट वावटळ आणि अवकाळी. पत्र्यावर नुसते दगड ठेवून भागत नाही. वाऱ्याने दगडही येतो आणि पत्राही. मेढी दोन फूट खोल रोवा, आडवे वासे तारेने आवळा. आणि वीज कडाडायला लागली की मांडव असो की झाड, खाली थांबू नका. पक्क्या घरात जा.

खालच्या जमिनीचाही विचार करा. सिमेंटचा कोबा आणि फरशी दिवसभर ऊन पितात आणि संध्याकाळी ओकतात. बसायच्या जागी माती चोपून शेणाने सारवलेली जमीन बरी. सांजेला सडा टाकतो, तो काही नुसत्या रीतीसाठी नाही. कोरड्या हवेत पाणी उडून जाताना जमिनीतली धग घेऊन जातं. पाण्याची ओढ असते हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून भांडी धुतलेलं पाणी वापरा. माठही सावलीत, पण वारा लागेल असा ठेवा. तोही पाझरलेलं पाणी उडूनच गार होतो.

तेच खरकटं पाणी वेलांना द्या. पश्चिमेच्या कुडावर दोडका, घोसाळी, कारली चढवा. सावलीही होते, भाजीही मिळते. कायमची सावली हवी तर पश्चिमेला कडुनिंब किंवा करंज लावा, भिंतीपासून दहा-बारा फूट लांब. लिंबाची पानं माघ-फाल्गुनात गळतात आणि पाडव्याला कोवळा पाला आलेला असतो. ऊन कडक व्हायच्या वेळेला झाड भरून येतं. झाड मोठं होईपर्यंत मांडव, मग मांडवाची गरज कमी.

आता शेवटचा मुद्दा, आणि तोच आम्हाला महत्त्वाचा वाटतो. मांडव झाला की पहिल्याच आठवड्यात त्यात मोटारसायकल येते. मग खताच्या गोण्या येतात, फवारणीचा पंप येतो. आमच्या गटातल्या बहुतेक घरी हेच झालं. भांडून उपयोग झाला नाही. मग आम्ही ठरवलं की मांडव एकटीने नाही, चार-पाच घरं मिळून घालायचा. तुराट्या एकीच्या, मेढी दुसरीच्या, तार-सुतळीचा खर्च गटातून. कामाला सगळ्याच. गटाचा मांडव म्हटल्यावर तिथे गाडी लावायला कुणी धजावत नाही. घरातली माणसं मात्र म्हणालीच, “बायकांना बसायला मांडव कशाला?” त्यांना सांगायला एक गोष्ट आहे. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी पिण्याचं पाणी, प्रथमोपचार आणि विसाव्याला सावली द्यावी असं लिहिलं होतं. रस्त्याच्या, तळ्याच्या कामाला सावली लागते, तर दोनशे पापड लाटणाऱ्या बाईला का नको? आपण अंगणात करतो तेही कामच आहे.

आणि सावली असली तरी जपा. एखादीला चक्कर आली, अंग तापलं, ती असंबद्ध बोलू लागली, तर वाट पाहू नका. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घाला आणि लगेच 108 ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

येत्या बैठकीत सगळ्या जणी मिळून एकदा अंगणं फिरून बघा. काठी रोवा, दगड ठेवा, कुणाच्या अंगणात जागा चांगली आहे ते ठरवा. पाडव्याच्या आत मांडव उभा राहिला तर सगळा उन्हाळा कामाला येईल. सावलीत बसा, पाणी प्या, आणि काम झाल्यावर घटकाभर नुसत्याही बसा.