मित्राचा बेस आणि माझा माळा

ऑगस्टमधली गोष्ट. एका आर्टिकलची डेडलाइन डोक्यावर बसलेली, बाहेर धो धो पाऊस आणि फोनवर म्युनिकहून मेसेज, ‘दिवाळीत येतोय. बेस कसा आहे?’

मी एका सेकंदात टाइप केलं, ‘एकदम मस्त!’

आणि मग फोन खाली ठेवून छताकडे, म्हणजे बरोबर माळ्याकडे बघत बसले.

थोडा फ्लॅशबॅक. कॉलेजात आमचा चौघांचा बँड होता. फार काही भारी नव्हतो, पण गॅदरिंगला लोक खुर्च्यांवर उभे राहायचे एवढं नक्की. मी गायचे आणि बेसवाल्याला कंटाळा आला की त्याचा बेस ओढून घ्यायचे. तीन वर्षांपूर्वी तो नोकरीसाठी गेला तेव्हा बेस माझ्या हातात देऊन म्हणाला, “सांभाळ. महिन्यातून एकदा तरी वाजव गं, नाहीतर वाट लागते त्याची.” पहिल्या पगारातून, नंतरच्या सहा हप्त्यांतून आणि आईशी झालेल्या दोन भांडणांतून घेतलेला बेस होता तो. पहिलं वर्ष मी इमानदारीत वाजवला. मग घर बदललं, रंगकाम निघालं, आणि ‘तात्पुरता’ म्हणून तो बॅगेसकट माळ्यावर गेला. तात्पुरता म्हणजे दोन पावसाळे.

त्या रात्री बॅग खाली काढली. चेन उघडली तर आतून शाळेच्या बंद कपाटासारखा वास. बॅगेच्या अस्तराला पांढरी बुरशी, तारा तपकिरी. बाराव्या फ्रेटपाशी तार इतकी वर उचललेली की खालून करंगळी गेली असती. अँपला लावला, व्हॉल्यूम फुल केला. काही नाही. साधी खरखर पण नाही.

मी चक्क रडले. बेससाठी कमी आणि त्या ‘एकदम मस्त!’साठी जास्त.

दोन दिवसांनी एका ड्रमर मित्राने पेठेतल्या एका काकांचा पत्ता दिला. वाड्याच्या तळमजल्यावर एवढीशी खोली, भिंतीवर गिटारी, कोपऱ्यात उघडून ठेवलेली हार्मोनियम. काकांनी बेस घेतला, हेडच्या बाजूने डोळा लावून, नेम धरल्यासारखा, नेकवरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, मान वाकलीये याची. किती दिवस झोपवला होता?”

आता हा मान वाकण्याचा फंडा प्रत्येक बेसवाल्याला माहीत पाहिजे. बेसच्या चार तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ताण होतो सत्तर-ऐंशी किलोच्या घरात. म्हणजे एक धडधाकट माणूस चोवीस तास त्या लाकडी पट्टीला लोंबकळत असतो. त्याला उलटा ताण द्यायला नेकच्या पोटात एक स्टीलची सळई असते, ट्रस रॉड. लाकूड पावसाळ्यात हवेतलं पाणी पितं, उन्हाळ्यात आणि एसीत सोडतं. या पिण्या-सोडण्यात तारा आणि रॉड यांचं जुळलेलं गणित बिघडतं. माळ्यावर तर दोन्ही टोकं : पावसात ओल, एप्रिलमध्ये स्लॅबची भट्टी.

काकांनी मला घरी करायची टेस्ट शिकवली, आणि ती मला जाम आवडली, कारण तिला लागतं तुमचं ऑफिसचं व्हिजिटिंग कार्ड. तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि जिथे नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवरही दाबा. आता मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. दोन-तीन कार्डं गेली तर मान पुढे वाकलीय. फटच नसेल तर मागे, मग तारा फ्रेटवर आपटून खरखरणार. दुरुस्ती म्हणजे योग्य मापाच्या पान्याने रॉड पाव फेरा फिरवायचा, परत सुरात लावायचा, आणि थांबायचं. लाकडाला घाई चालत नाही. काकांनी माझ्या बेसला तीन दिवस घेतले, रोज थोडं थोडं. “जोर लावून एकदम फिरवलं की रॉड तुटतो,” ते म्हणाले, “मग बेस भिंतीवर लावायचा, शो म्हणून.”

आवाज का येत नव्हता, ते मात्र लाजिरवाणं निघालं. हा अ‍ॅक्टिव्ह बेस. म्हणजे आत छोटं प्रीअँप असतं आणि ते नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालतं. ती बॅटरी आत फुटून, पाझरून, कनेक्शनची तार खाऊन बसली होती. लक्षात ठेवा, बहुतेक अ‍ॅक्टिव्ह बेसला वेगळं बटण नसतं. केबल खोचली की सर्किट चालू. वाजवून झालं आणि केबल तशीच ठेवून झोपलात तर रात्रभर दिवा चालू ठेवल्यासारखं आहे. आणि महिनाभर वाजवणार नसाल तर बॅटरी काढूनच ठेवा. पॅसिव्ह बेसला ही भानगडच नाही. पहिला बेस घेणाऱ्यांना म्हणूनच मी पॅसिव्ह सुचवते. एक गोष्ट कमी विसरायची.

तारांबद्दल दोन पंथ आहेत. राउंडवाउंड तारा चकचकीत, खणखणीत वाजतात आणि लवकर मरतात. फ्लॅटवाउंड गुळगुळीत, आवाज गोल आणि जुनाट, पण वर्षानुवर्षं टिकतात. मोटाउनच्या असंख्य हिट गाण्यांवर वाजवणारा जेम्स जेमर्सन आपल्या १९६२च्या फेंडर प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड लावायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही, म्हणे मळातच तर सूर आहे! ऐकायला सही वाटतं, पण पुण्या-मुंबईच्या पावसात, घामट बोटांनी, राउंडवाउंड तारांवर हे प्रयोग करू नका. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने तारा पुसणं, खालून सुद्धा, हा एकच उपाय खरा. तारा उकळल्या की परत वाजतात असंही सांगतात. मी उकळल्या. पातेल्यात डोकावून आई म्हणाली, “शेवया का गं?” तारा आठवडाभर छान वाजल्या, मग होत्या तशाच. शेवटी नवा सेट घेतला.

फिंगरबोर्डवर काकांनी लेमन ऑइलचे दोन-तीन थेंब चोळले आणि लाकूड एकदम गडद झालं. जगभरच्या कितीतरी बेसच्या फिंगरबोर्डला भारतीय शिसवी वापरतात, आजीच्या कपाटाचंच हे लाकूड. वर्षातून एक-दोनदा तेल पुरे. खोबरेल अजिबात नाही, ते कुबट होतं. आणि मेपलचा लॅकर मारलेला पिवळट बोर्ड असेल तर तेलाची बाटली बंदच ठेवा, नुसतं पुसा.

या सगळ्याचं बिल झालं साडेचार हजार. रिक्षात बसल्यावर डोक्यात हिशेब : महिन्याला पंधरा मिनिटं वाजवला असता तर यातला निम्मा खर्च झालाच नसता.

हे सगळं ऑफिसवाल्या मित्रमैत्रिणींना सांगितलं तर उलटाच परिणाम झाला. तिघांना बेस घ्यायचाय! त्यांना मी सांगते ते असं. ब्रँड नंतर बघा, आधी नेक. लिओ फेंडरने १९५१मध्ये आणलेल्या बेसचं नाव ‘प्रिसिजन’ होतं ते फ्रेट्समुळे. डबल बेसवर सूर अंदाजाने शोधावा लागायचा, इथे अचूक लागायला लागला. म्हणजे फ्रेट्सच धड नसतील तर मुद्दाच संपला. दुकानात प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, सेल्समनने घड्याळ बघितलं तरी. नॉब फिरवताना खरखर येते का ऐका. मग पट्टा लावून पंधरा मिनिटं उभे राहा. चार किलोचं ओझं खांद्यावर काय करतं ते बसून कळत नाही. काही बेस हात सोडला की हेडकडून खाली कलंडतात, आणि पुढची सगळी वर्षं तुमचा डावा हात वाजवण्याऐवजी हमाली करतो. मुलींना दुकानात हमखास ‘शॉर्ट स्केल घ्या’ असं सांगतात. तीस इंचांचा शॉर्ट स्केल चांगलाच असतो, पण नेहमीचा चौतीस इंची हातात घेऊन मग ठरवा, दुकानदाराच्या अंदाजाने नाही. पाच तारांचा मोह पहिल्या वर्षी टाळा. वाचलेल्या पैशांत क्लिप-ऑन ट्यूनर, रुंद पट्टा आणि पॅड असलेली बॅग घ्या. बॅगेत बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाका.

आणि हो, अँप. बेसची सगळ्यात जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते, गिटारच्या जाड तारेच्या बरोबर निम्म्यावर. हे हलवायला मोठा स्पीकर आणि भरपूर वॅट लागतात. मित्राच्या छोट्या गिटार अँपवर बेस जोरात वाजवला तर स्पीकरची वाट लागू शकते. शिवाय त्या सुराची एक लहर आठ मीटरहून लांब असते, तुमच्या हॉलपेक्षा मोठी. तुम्हाला वाटतं हळू वाजतंय आणि खालच्या काकूंच्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या थरथरतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हेडफोन अँप घ्यावा. मुठीएवढा येतो, बेसमध्येच खोचायचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये नाव येत नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला. फराळ झाला, मग बेस मागितला. मी आतून आणला. त्याने काही न बोलता सुरात लावला, वाजवला, मग उलटा केला आणि मागच्या झाकणाकडे बघत बसला. बॅटरीचा डबा नवा होता.

“हे कधी केलंस?”

मी सगळं सांगितलं. माळा, बुरशी, ‘एकदम मस्त!’, काका, साडेचार हजार. तो ऐकत होता, अंगठ्याने तार दाबून धरलेली. बराच वेळ काहीच बोलला नाही. मला वाटलं, आता उठून जाणार.

“मी तिकडे एक घेतला,” तो म्हणाला. “मार्चमध्ये. कपाटात आहे.”

“बॅटरी काढलीस?”

तो माझ्याकडे बघायला लागला.

मग आम्ही दोघांनी मिळून त्याच्या फ्लॅटमेटला फोन लावला. स्क्रूड्रायव्हर कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते सांगण्यात वीस मिनिटं गेली.