बारा रोजे आणि एक घोट पाणी

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जण उपवास करतात? आणि अगदी खरं सांगायचं, त्यातले किती जण साबुदाण्याच्या खिचडीसाठी करतात? मी स्वतः या दुसऱ्या गटातली! आमच्या घरी 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण माझ्याकडे बघूनच म्हणायचे. अशी मी २०१६ च्या जून महिन्यात रोजे धरायला निघाले, आणि तेही भर उन्हाळ्यात, परक्या देशात. त्याचीच ही गोष्ट.

कॉलेज संपल्यावर एका स्वयंसेवी संस्थेतर्फे मी मोरोक्कोला गेले होते. नकाशा काढा बरं. आफ्रिकेच्या वायव्य टोकाला, स्पेनच्या अगदी समोर हा देश दिसेल. तिथे फेस नावाचं जुनं, प्रसिद्ध शहर आहे. त्याच्या दक्षिणेला साधारण तीस किलोमीटरवर, ॲटलास पर्वताच्या पायथ्याशी सफरू हे छोटं गाव. चेरीच्या बागांसाठी ते ओळखलं जातं. गावातल्या 'दार शबाब'मध्ये, म्हणजे तरुणांच्या घरामध्ये, मुलांना इंग्रजी आणि चित्रकला शिकवायची, हे माझं काम. राहायचं मात्र एका कुटुंबात.

त्या घरात आई, वडील, फेसला शिकणारा थोरला मुलगा आणि दहा वर्षांची धाकटी. आईंना मी 'खाल्ती' म्हणायचे. तिकडच्या अरबीत खाल्ती म्हणजे मावशी. त्या मला 'बिंती' म्हणायच्या, म्हणजे माझी लेक. आमचं बोलणं म्हणजे थोडं अरबी, थोडे हातवारे आणि अडलं की थोरल्याचं इंग्रजी!

घरात दिवाळी, की काय?

मी पोचले तेव्हा रमजान आठवड्यावर आला होता. घरभर भाजलेल्या तिळांचा खमंग वास. वाटलं, इथे दिवाळीचं फराळ चाललंय की काय! आणि तसंच होतं. शेजारच्या बायका जमल्या होत्या. भाजलेलं पीठ, बदाम, तीळ, बडीशेप, लोणी आणि मध एकत्र करून 'सेल्लू' बनत होतं. आपल्या पंजिरीची सख्खी बहीणच म्हणा ना! दुसरीकडे 'शबाकिया' चालल्या होत्या. पिठाच्या पट्टीला चिरा पाडून, तिचं फूल वळून तळायचं, मग मधात बुडवायचं आणि वरून तीळ. माझं पहिलं फूल असं वळलं की धाकटी पोट धरून हसली.

त्या गडबडीत मी जाहीर करून टाकलं, ''मीसुद्धा रोजे धरणार. सगळे!''

खाल्ती म्हणाल्या, ''बिंती, तुला काही गरज नाही. तुझं दुपारचं जेवण मी स्वयंपाकघरात झाकून ठेवत जाईन.''

पण मी ऐकते कसली! पाहुणी असले म्हणून काय झालं?

सोळा तासांचा दिवस

रमजान म्हणजे थंडीतला महिना, की उन्हाळ्यातला? याचं उत्तर मजेशीर आहे. हिजरी वर्ष पूर्णपणे चंद्रावर चालतं. बारा चांद्रमहिने म्हणजे साधारण ३५४ दिवस. आपल्या पंचांगातले महिनेही चांद्रच, पण दर तीनेक वर्षांनी अधिक मास घालून आपण ऋतूंशी मेळ बसवतो. हिजरी वर्षात तसं करत नाहीत. त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. २०२५ साली तो मार्चमध्ये आला. माझ्या नशिबी मात्र जून आला, वर्षातले सगळ्यात मोठे दिवस!

पहाटे सव्वातीनच्या सुमाराला खाणं-पिणं बंद, ते संध्याकाळी साडेसात वाजून गेल्यावर सूर्य मावळेपर्यंत. म्हणजे सोळा तासांहून जास्त! आणि पाण्याचा थेंबही नाही. हरतालिकेला निर्जळी उपवास करणाऱ्या आज्या मला तेव्हा फार आठवल्या.

पहाटेच्या आधी गल्लीतून 'नफ्फार' जायचा. लांबलचक तुतारी फुंकत लोकांना खायला उठवायचं, हे त्याचं काम. घरोघरी गजराची घड्याळं आली तरी लोकांना त्याची तुतारी हवी असते.

आणि संध्याकाळ! टेबलावर सगळं मांडलेलं, पण कुणी हात लावत नाही. मग गावाचा भोंगा होतो, अजान ऐकू येते आणि पहिला खजूर तोंडात जातो. त्यावर दुधाचा घोट. मग वाफाळती 'हरीरा', म्हणजे टोमॅटो, हरभरे, मसूर आणि कोथिंबीर घातलेलं दाट सूप. मिरं-जिरं लावलेली उकडलेली अंडी, घडीच्या पोळीसारखी चौकोनी 'म्समेन' आणि जाळीदार 'बगरीर'. या जेवणाला तिथे 'फ्तूर' म्हणतात. एरवी या शब्दाचा अर्थ सकाळची न्याहारी! सूर्य मावळल्यावर न्याहारी, ही कल्पनाच मला भारी आवडली.

आणि मग ते घडलं

पहिला दिवस डोकेदुखीत गेला, कारण चहा नाही. दुसरा झोपेत. तिसरा कसाबसा. चौथ्या दिवशी दुपारी दार शबाबमधून चढ चढून घरी आले, तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. घरात सामसूम. सगळे झोपलेले. स्वयंपाकघरात मातीच्या घड्यात पाणी होतं.

मी एक घोट घेतला. मग पेला भरून प्यायले. मग दुसरा पेला!

वळून बघते तर दारात धाकटी उभी.

ती काही बोलली नाही. नुसती बघत राहिली आणि निघून गेली. माझी तर पाचावर धारण बसली. आता ही सगळ्यांना सांगणार!

पण संध्याकाळी तिने चकार शब्द काढला नाही. उलट खाल्तींनी पहिला खजूर माझ्या हातात ठेवला आणि फ्तूरला आलेल्या शेजारणींना अभिमानाने सांगितलं, ''आमच्या हिंदुस्थानी लेकीचे चार रोजे झाले!'' शेजारणींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मित्रांनो, तो खजूर घशाखाली उतरेना. धाकटी समोर बसून हरीरा पीत होती. तिने मान वरसुद्धा केली नाही. तिने चुगली केली असती तर परवडलं असतं!

त्या रात्री झोप लागली नाही. नफ्फारची तुतारी वाजली, सगळे खायला बसले आणि मी थोरल्याला म्हटलं, ''आईंना सांग, माझे चार नाही, तीनच झाले.'' आणि सगळं सांगून टाकलं. तो एकेक वाक्य अरबीत सांगत होता आणि मी खाली मान घालून ताटलीतली नक्षी मोजत होते.

सगळे गप्प. मग खाल्तींनी विचारलं, ''पाणी गार होतं का?''

आधी वडील हसले, मग सगळेच. मला मात्र रडू फुटलं.

खाल्तींनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, ''हे बघ, आजारी माणसं, प्रवासी, गरोदर बायका, म्हातारे, लहान मुलं, यांना आमच्यातही सूट आहे. तू तर पाहुणी. पाणी प्यायलीस त्यात काय चुकलं? पण रोजा कुणी तपासायला येत नसतं, बिंती. बंद दाराआड कोण काय करतं ते त्याचं त्याला आणि अल्लाला ठाऊक. म्हणून मोजायचा तो खरा मोजायचा.''

त्या दिवसापासून आमचं ठरलं. जमेल त्या दिवशी मी रोजा धरायचा, नाही जमला तर स्वयंपाकघरात बसून जेवायचं आणि तसं सांगायचं. दुपारचं ताट झाकलेलं असायचंच.

धाकटीला मी नंतर विचारलं, ''तू का नाही सांगितलंस?''

ती म्हणाली, ''मला वाटलं, तूच सांगशील.''

सव्विसावा दिवस

रमजानची सत्ताविसावी रात्र मोठ्या मानाची. याच रात्रीच्या सुमाराला मोरोक्कोतल्या पुष्कळ घरांत मुलं आयुष्यातला पहिला रोजा धरतात. धाकटीने सव्विसाव्या दिवशी धरायचं ठरवलं. मला म्हणाली, ''तू पण धर, माझ्याबरोबर.'' नाही कसं म्हणणार?

दुपारपर्यंत बाईसाहेब मजेत होत्या. चार वाजता मात्र गार फरशीवर आडव्या पडल्या आणि डोळ्यांत पाणी आलं. खाल्ती म्हणाल्या, ''पी पाणी, पुढच्या वर्षी बघू.'' तिने मान हलवली. मला विचारलं, ''किती वाजले?''

मी अंगणातून पाच गोल खडे वेचून आणले आणि तिला सागरगोटे शिकवले. ती हरली, चिडली, पुन्हा खेळली. पाच वाजले. सहा वाजले. मेंदी लावायला आत्या आल्या. मग भरजरी कफ्तान, डोक्यावर मुकुट, अगदी छोटी नवरीच! सजवलेल्या खुर्चीवर तिला बसवलं, फोटो काढले. आणि भोंगा झाला.

तिने पहिला खजूर उचलला, त्याचे दोन तुकडे केले आणि अर्धा माझ्या हातात दिला. या वेळी तो कसा घशाखाली उतरला ते सांगायला नकोच!

ईदच्या सकाळी नमाजाआधी वडिलांनी घरातल्या प्रत्येक माणसामागे मापाने गहू मोजून गरिबांसाठी बाजूला काढला. त्याशिवाय ईदचा आनंद पुरा होत नाही, असं ते म्हणाले. नफ्फार दारी आला, त्यालाही त्याची भेट मिळाली.

आता दर रमजानला माझा सफरूला फोन होतो. धाकटी आता चांगली मोठी झालीय. पण तिचा पहिला प्रश्न ठरलेला, ''तुझे किती झाले होते गं?''

मी सांगते, ''बारा.''

साडेबारा नाही. त्या चौथ्या दिवसाचा अर्धा मी धरत नाही.